सरळमार्गी सुपरहिरो आता कुणाला हवेत?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, काथ्याकूट करायला टाकतो.

जुलै २०२५ आठवा. ११ तारखेला जेम्स गनचा 'सुपरमॅन' आला, २५ ला 'फँटॅस्टिक फोर'. एक पात्र १९३८ चं, दुसरी चौकडी १९६१ ची. दोन्ही सिनेमे मुद्दाम जुन्या वळणाचे. नायक हसतमुख, सभ्य, लोकांना वाचवणारे. 'फँटॅस्टिक फोर'ने तर अख्खं साठचं दशकच उभं केलं.

आपल्याकडे काय झालं? सुपरमॅन ५० कोटींच्या आसपास दमला. ब्रॅड पिटचा मोटारशर्यतीचा 'एफ वन' त्याच्या नाकावर टिच्चून पुढे गेला. आणि 'फँटॅस्टिक फोर' ज्या शुक्रवारी लागला, त्याच शुक्रवारी 'महावतार नरसिंह' लागला. ना स्टार, ना गाजावाजा, वर ॲनिमेशन. तो ३०० कोटींच्या पलीकडे गेला!

माझं स्पष्ट मत: पांढऱ्यात पांढरा, काळ्यात काळा असा सुपरहिरो आता संपला. चालतात ते तीनच. तोंडाळ (डेडपूल), अंधारातले (बॅटमॅन) आणि आपल्या मातीतले. बाकीच्यांनी म्युझियममध्ये बसावं.

तुम्हाला काय वाटतं? आकडे आणि अनुभव दोन्ही येऊ द्या.

शेवटची_लोकल

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मल्टिप्लेक्सचा नाही, घरचा. परवडत नाही.

गोड_लिंबू

बाडिस, म्हणजे पूर्ण सहमत. सुपरमॅनला काही होतच नाही हो. गोळी लागत नाही, आग लागत नाही, लोकल चुकत नाही. मग मी काळजी कशाची करू?

खिडकीतला_कावळा

धागाकर्त्याचा मूळ पायाच डळमळीत आहे. "पांढऱ्यात पांढरा" हा सुपरमॅन नक्की कोणता? कारण १९३८ चा तरी नव्हे.

जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलँडची दोन ज्यू पोरं. महामंदीचा काळ. त्यांनी सगळे हक्क मिळून १३० डॉलरला विकले हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या पहिल्या अंकात सुपरमॅन करतो काय, हे फारसं कुणी वाचलेलं नसतं. परग्रहावरचा राक्षस वगैरे काही नाही. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो. फाशीच्या, म्हणजे विजेच्या खुर्चीच्या दारातून निर्दोष बाईला सोडवण्यासाठी रात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो, दार तोडून. नंतर वॉशिंग्टनला जाऊन राजकारण्याला पैसे चारणाऱ्या दलालाला उचलतो आणि तारांवरून पळत सुटतो. पुढच्या वर्षीच्या एका गोष्टीत तर झोपडपट्टीच्या घाणीतून पोरं गुन्हेगार होतात म्हणून तो सगळी वस्ती आधी रिकामी करून घेतो आणि मग स्वतःच्या हातांनी जमीनदोस्त करतो, सरकारला तिथे नवी घरं बांधणं भाग पडावं म्हणून. पोलीस त्याच्या मागे असतात.

आणि हो, तो उडत नव्हता. लांब उड्या मारायचा. उडायला लागला तो १९४१ च्या ॲनिमेशनपटांत, कारण सतत उड्या मारणारा माणूस पडद्यावर विचित्र दिसत होता. क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याची शक्ती घालवणारा तो दगड, आला रेडिओवरच्या मालिकेतून. म्हणजे ज्याला आपण 'क्लासिक' म्हणतो ते पात्र पहिल्या दहा वर्षांतच अनेकांनी मिळून बदललेलं आहे. तो सद्गृहस्थ झाला महायुद्धाच्या आसपास आणि नंतर. तेव्हा "जुना चालत नाही" म्हणताना कोणता जुना, ते आधी ठरवा.

तिसरी_घंटा

@कावळा, माहिती उत्तम, पण प्रेक्षक १९३८ चा अंक वाचून थिएटरात येत नाही. त्याच्या डोक्यात लाल चड्डी आणि हसरा चेहरा आहे. मी त्याबद्दल बोलतोय.

शेवटची_लोकल

लाल चड्डी २०१३ मध्ये काढली होती, २०२५ मध्ये परत घातली. एवढा विचार आमच्याकडे सरकारं बदलताना पण होत नाही.

नाना_न्यूजर्सीकर

इथून बघताना चित्र जरा वेगळं दिसतं, म्हणून लिहितो.

२०२५ च्या सुपरमॅनचा जगभरातला गल्ला साधारण ६१ कोटी डॉलर. त्यातले ३५ कोटी एकट्या अमेरिका-कॅनडातले. आता २०१३ चा 'मॅन ऑफ स्टील' घ्या. जगभरात साधारण ६७ कोटी, पण त्यात इथले २९, बाकी सगळे बाहेरचे. बारा वर्षांत काटा उलटा फिरला. घरी सुपरमॅन वाढला, परदेशात घटला. तिकिटं महाग झाली हे धरलं तरी दिशा स्पष्ट आहे.

तेव्हा "आजच्या प्रेक्षकाला चालत नाही" असं सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकन प्रेक्षकाला चालला. बाहेरच्यांना तो त्यांचा वाटला नाही. आमच्या गावातल्या थिएटरात आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच रांगेत होत्या, आणि सुपरमॅनचा क्रिप्टो कुत्रा आला की तिघंही एकदम हसत होते. आता हा अमेरिकन जिव्हाळा तुम्ही पुण्या-मुंबईत कुठून आणणार?

दीड_शहाणा

नाना, म्हणजे सुपरमॅन हा परग्रहावरून आलेला असूनही शेवटी स्थानिक उमेदवारच निघाला.

सदाफुली

दोन मुलं (वय ९ आणि १३) घरात असल्यामुळे मला या विषयावर बोलायचा अधिकार आहे असं मी समजते.

मुलांना 'क्लासिक' वगैरे काही कळत नाही. त्यांच्यासाठी स्पायडरमॅन जुना नाही, सुपरमॅन नवा नाही. धाकटीला स्पायडरमॅन आवडतो कारण तो शाळेत जातो, अभ्यासात मागे पडतो, आणि त्याला ओरडा बसतो. बस्स. १९६२ सालीही पोरांना तो याच कारणासाठी आवडला असणार.

'अक्रॉस द स्पायडरव्हर्स' २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत आला होता, त्यात मराठीही होती! आम्हाला गावात मराठी शो काही मिळाला नाही, हिंदीवर भागवलं. त्यातला भारतीय स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर, आला तेव्हा दोघंही खुर्चीत उभी राहिली. मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं त्याचं ते शहर, पुलांची गर्दी, ट्रॅफिक. हिंदीत त्याला शुभमन गिलचा आवाज आहे म्हणून थोरल्याला अजूनच आनंद.

पण तो जेमतेम काही मिनिटं आहे हो सिनेमात. परत येताना धाकटी म्हणाली, "त्याचाच वेगळा सिनेमा का नाही काढत?" तिला उत्तर देऊ शकणारं कुणी इथे असेल तर सांगा.

तिसरी_घंटा

@सदाफुली, ही तर माझ्याच बाजूची साक्ष झाली. आपल्या मातीतला हवा!

सदाफुली

नाही. तिला पवित्र आवडला कारण तो मजेशीर आहे आणि त्याचे केस भारी आहेत. माती वगैरे तुम्ही घातलीत.

पिंपळपान

वयाची सत्तरी जवळ आली असल्याने जुन्या सुपरमॅनची, म्हणजे क्रिस्टोफर रीव्हची, बाजू मांडणं माझ्याकडेच येतं.

सगळे म्हणतात, सुपरमॅन चष्मा लावून बातमीदार क्लार्क झाला की त्याची मैत्रीण लोइस त्याला ओळखतच नाही, किती मूर्खपणा! १९७८ चा सिनेमा काढून तो एक प्रसंग बघा. रात्री सुपरमॅन लोइसला आकाशात फिरवून आणतो. काही क्षणांनी क्लार्क दारात हजर. ती आत पर्स आणायला जाते. तो एकटा. तो चष्मा काढतो, खांदे मागे घेतो, पाठ ताठ करतो, मान वर येते, आणि माणूस अक्षरशः चार बोटं उंच होतो. आवाज बदलतो. आता सांगणारच, एवढ्यात ती येते आणि तो परत चष्मा चढवून गोळा होतो. कपडे तेच, उजेड तोच. एकही ट्रिक नाही. नुसता अभिनय.

त्यानंतर मला कुणीही विचारलं नाही की लोइसला कळत कसं नाही. कळणार कसं?

रीव्हची उंची आणि शरीर बघून लोक सुपरमॅन म्हणत, पण त्याने खरा क्लार्क उभा केला. अवजड, गोंधळलेला, दारात अडकणारा. आजच्या सुपरहिरोंना गुप्त ओळख नकोच असते. सगळे पत्रकार परिषदेत "मीच तो" सांगून मोकळे. मग दोन आयुष्यं जगणाऱ्या माणसाची ओढाताण जाते, आणि ती गेली की उरतं काय? मारामारी.

गोड_लिंबू

पिंपळपान काका, दंडवत. आजच परत बघते. तरी पण पहिला तासभर तो मेट्रोपोलिसला पोचतच नाही, हे खरं ना?

पिंपळपान

खरं. पण त्या तासाभरात मार्लन ब्रँडो आहे आणि जॉन विल्यम्सचं संगीत आहे. तासभर काय करायचं ते सुचत नसेल तर भाजी निवडा.

म्हापशेकर_बाब

गोंयच्यान नमस्कार. तुम्ही हॉलिवूडमध्येच फिरताय. जरा दक्षिणेला या.

'मिन्नल मुरली' (२०२१) पाहिलात? गावातला शिंपी, त्याच्यावर वीज पडते. बेसिल जोसेफचा सिनेमा. त्यात नवीन काय आहे? काही नाही! सगळे जुने साचे आहेत. पोरका नायक, अचानक मिळालेली शक्ती, त्याच विजेने घडवलेला खलनायक. पण तो खलनायक चहाच्या दुकानात काम करणारा, सगळं गाव ज्याला वेडा म्हणतं असा शिबू आहे. गुरु सोमसुंदरमने केलाय. वर्षानुवर्षं एका बाईवर प्रेम करणारा. शेवटी ती मिळते आणि लगेच जाते, त्यावेळी तुम्ही नायकाला विसरता.

मग २०२५ ची 'लोका'. कल्याणी प्रियदर्शन. केरळच्या दंतकथेतली कळ्ळियंकाट्टू नीली ही यक्षी थेट आजच्या बेंगळुरूत आणली. मल्याळममधला सर्वात जास्त कमाईचा सिनेमा झाला. थिएटरात बाजूला म्हातारी बाई बसली होती, तिला इंग्रजी सुपरहिरोचं नावही माहीत नसेल, पण नीली कोण हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

म्हणून म्हणतो, सरळमार्गी चालत नाही हे खोटं. जेसन शिंपी शेवटी सरळमार्गीच आहे.

तिसरी_घंटा

बाब, पण तुम्हीही "आपल्या मातीतले" कडेच येताय की. 'हनुमान' (२०२४) तेलुगूत चालला, 'नरसिंह' चालला, 'लोका' चालली. मी दुसरं काय म्हणतोय?

दीड_शहाणा

मग 'रा.वन' का नाही टिकला? मातीतलाच होता. माती महाग होती इतकंच.

वाचनमात्र

फार वर्षं नुसता वाचतोय, आज राहवलं नाही.

आपल्या मराठी प्रेक्षकाची सुपरहिरोची भूक आधीच भागलेली आहे. 'पावनखिंड' बघा, 'तान्हाजी' बघा, 'छावा' बघा. एकटा माणूस, शेकडोंशी झुंज, थिएटरात घोषणा. हेच तर सुपरहिरोपट आहेत. फक्त केप नाही. मग तो क्रिप्टन ग्रहावरचा सुपरमॅन कशाला लागतो आपल्याला?

खिडकीतला_कावळा

तीव्र असहमत. बाजीप्रभू हा सुपरहिरो नाही, कारण तो मरतो. त्याची गोष्ट मोठी आहे ती त्याच्याकडे कुठलीही जादुई शक्ती नव्हती म्हणून. त्याला केपवाल्यांच्या रांगेत बसवणं म्हणजे दोघांचंही नुकसान. इतिहासातल्या माणसांना स्लो मोशनमध्ये हवेत उडवायला लागल्यापासून ते माणूस राहिलेच नाहीत, हे माझं जुनं दुखणं आहे.

वाचनमात्र

दुखणं तुमचं, पण थिएटर भरतं ते त्या स्लो मोशनमुळेच.

नाना_न्यूजर्सीकर

अहो पण 'छावा'...

ॲडमिन

ऐतिहासिक चित्रपटांवर स्वतंत्र धागा आहे, तो चर्चा ३०० प्रतिसादांवर गेल्यावर बंद करावा लागला होता. तोच प्रकार इथे नको. मूळ विषयावर या.

शेवटची_लोकल

ॲडमिन आले. अंधेरा कायम रहे.

गोड_लिंबू

ठ्ठो! आता शक्तिमान निघालाच आहे तर... १९९७, दूरदर्शन, रविवारची दुपार. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. एका श्वासात म्हणता येतं अजून. आणि शेवटी ते "सॉरी शक्तिमान". आम्ही घरात काही फोडलं की आईला "सॉरी शक्तिमान" म्हणायचो आणि अजून एक धपाटा खायचो.

दीड_शहाणा

आणि त्या आधी जायंट रोबोट, ही-मॅन, तो साठच्या दशकातला कार्टून स्पायडरमॅन. एकच इमारत पार्श्वभूमीला परत परत यायची, तरी आम्ही डोळे फाडून बघायचो. आता पोरांना एक फ्रेम कच्ची दिसली तरी "व्हीएफएक्स बकवास" म्हणतात.

पिंपळपान

आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्स. १९६४ ला सुरू झाली. वेताळ आणि मँड्रेक. वेताळाची मला सर्वात आवडलेली गोष्ट ही की तो अमर वगैरे काही नव्हता. बापाची जागा मुलगा घेतो, लोकांना वाटतं तोच आहे. आजचे स्टुडिओ वेगळं काय करतात? नट बदलतो, पोशाख तोच. कॅप्टन अमेरिकाची ढाल आता अँथनी मॅकीकडे आहे.

तिसरी_घंटा

आणि मॅकीचा २०२५ चा कॅप्टन अमेरिका कसा चालला? ४१ कोटी डॉलर. ख्रिस इव्हान्सच्या 'सिव्हिल वॉर'ने ११५ कोटी केले होते. ढाल दिली म्हणून गर्दी मिळत नाही.

खिडकीतला_कावळा

'सिव्हिल वॉर'मध्ये आयर्न मॅन आणि स्पायडरमॅन होते, तो एकट्या कॅप्टनचा सिनेमा नव्हताच. तुलना करायची तर नीट करा.

पण यातून खरा मुद्दा निघतो. माझ्या मते प्रेक्षक सुपरहिरोंना कंटाळला नाही, गृहपाठाला कंटाळला. मार्व्हलच्या 'एंडगेम'पर्यंत (२०१९, जगभरात जवळपास २८० कोटी डॉलर, भारतात साडेतीनशे कोटी रुपयांच्या वर) वर्षातून दोन-तीन सिनेमे बघितले की गोष्ट कळायची. नंतर ओटीटीवर मालिकांचा पूर आला. 'द मार्व्हल्स' (२०२३) मधल्या तिघींपैकी दोघींना ओळखायला आधी दोन मालिका बघायला हव्यात. कोण बघणार? तो मार्व्हलच्या या सिनेमांतला सर्वात कमी कमाईचा ठरला, २० कोटी डॉलरच्या आसपास. शेवटी मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेच्या तेव्हाच्या प्रमुखांना, बॉब आयगर यांना, जाहीरपणे म्हणावं लागलं की संख्या वाढवताना दर्जा पातळ झाला.

'नो वे होम' मात्र भारतातही २०० कोटींच्या वर गेला. का? तीन स्पायडरमॅन एकत्र. त्यालाही गृहपाठ लागतो, पण तो लोकांनी वीस वर्षांत आपसूक केलेला होता, आवडीने.

सदाफुली

गृहपाठाचा मुद्दा +१००. आमच्याकडे सिनेमाला जायच्या आधी थोरला मला पंधरा मिनिटं शिकवणी देतो. कोण कुणाचा भाऊ, कोण मेला, कोण मेला पण दुसऱ्या विश्वातला जिवंत आहे. सासरची नाती यापेक्षा सोपी होती.

आणि कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते: वंडर वूमन. १९४१ चं पात्र, म्हणजे तुमच्या हिशेबात म्युझियम. २०१७ चा पॅटी जेन्किन्सचा सिनेमा बघा. पहिलं महायुद्ध, बेल्जियम, खंदक. सगळे पुरुष सांगतात की पलीकडे जाता येणार नाही, इथे वर्षभरात कुणी पाऊल पुढे टाकलेलं नाही. एक बाई लेकराला घेऊन मदत मागत असते. डायना केस सोडते, कोट टाकते, शिडी चढून एकटी त्या उघड्या मैदानात उतरते. ढालीवर गोळ्या आपटतायत आणि ती चालतेय. कुठलीही टिंगल नाही, तोंडाळपणा नाही, अंधार नाही. सरळ चांगलं काम, सरळ पद्धतीने. थिएटरात माझ्या बाजूच्या अनोळखी मुलीने माझा हात धरला होता. ८० कोटी डॉलरच्या वर गेला तो सिनेमा. आता म्हणा संपला म्हणून.

तिसरी_घंटा

तो सिनेमा अपवाद मानतो. पण त्याचा पुढचा भाग?

सदाफुली

पुढच्या भागावर मी मराठी बाण्याने मौन पाळते.

म्हापशेकर_बाब

हा हा! आणि तुम्ही 'अंधारातले चालतात' म्हणता, तर 'जोकर'चं काय? पहिला (२०१९) १०० कोटी डॉलरच्या वर. दुसरा (२०२४) जेमतेम २० कोटी. अंधार तोच, नट तोच, दिग्दर्शक तोच. अंधाराची पण गॅरंटी नाही रे बाबा.

गोड_लिंबू

बॅटमॅनबद्दल पण जरा बोलू. १९३९ पासून तोच आहे. साठच्या दशकात ॲडम वेस्टचा रंगीबेरंगी, विनोदी. १९८९ मध्ये बर्टनचा गॉथिक. मग नोलनचा वास्तवातला. २०२२ मध्ये पॅटिन्सनचा, डोळ्यांभोवतीचं काजळ पुसायचंही भान नसलेला, झोप न झालेला पोरगा. प्रत्येक वेळी गाजला. माझ्या मते कारण एवढंच की त्याला घरी जाऊन आयोडेक्स लावावं लागतं. सुपरमॅनला लावावं लागत नाही.

खिडकीतला_कावळा

म्हणूनच गनने काय केलं बघा. सिनेमा सुरूच होतो सुपरमॅन हरलेला असताना. बर्फात आपटतो, रक्त, तुटलेली हाडं, आणि त्याचा उनाड कुत्रा त्याला फरफटत नेतो. गोड_लिंबूंच्या तक्रारीचं उत्तर पहिल्या दोन मिनिटांत आहे.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो लोइसने घेतलेल्या मुलाखतीचा प्रसंग. घरातलं साधं बोलणं चाललंय, ती म्हणते, सुपरमॅन म्हणून मुलाखत दे. तो मजेत हो म्हणतो. ती टेपरेकॉर्डर लावते आणि एकदम बातमीदार होते. तू एका देशाचं आक्रमण परस्पर थांबवलंस, कुणाला विचारलंस? कोणाच्या वतीने? तो आधी हसतो, मग अडखळतो, मग चिडतो, आणि शेवटी ओरडतो की लोक मरणार होते! दहाएक मिनिटं दोन माणसं एका खोलीत बोलतायत. पूर्ण सिनेमात मला तेवढीच जागा श्वास रोखून बघावीशी वाटली. सरळमार्गी माणसाला अवघड प्रश्न विचारले की तो रंगतो. त्याला वाकडा करायची गरज नसते.

शेवटची_लोकल

त्या दोघांचं चुंबन मात्र सेन्सॉरने ३३ सेकंद कापलं. आख्खी शहरं कोसळतायत, ते 'यूए'मध्ये बसतं. दोन माणसं एकमेकांवर प्रेम करतायत, तिथे कात्री. माझ्या मते भारतातला गल्ला तिथेच पडला.

दीड_शहाणा

३३ सेकंद मोजणाऱ्या माणसाला त्या कामाचा पगार मिळतो, ही माझी खरी असूया आहे.

वाचनमात्र

मी परत येतो, इतिहास सोडून. मराठीत सुपरहिरो का होत नाही? २०१५ मध्ये निखिल महाजनचा 'बाजी' आला होता, श्रेयस तळपदे, अमृता खानविलकर. मला प्रयत्न आवडला होता. नंतर कुणी त्या वाटेला गेलं नाही.

तिसरी_घंटा

पैसा. मराठी सिनेमाच्या पूर्ण खर्चात हॉलिवूडवाल्यांचा एक केप पण फडकणार नाही.

म्हापशेकर_बाब

'मिन्नल मुरली' आणि 'हनुमान' काय हॉलिवूडच्या पैशात झाले? पैसा कमी असला तर गोष्ट गावातली घ्या. शिंपी हवेत कमी उडतो, गावात जास्त फिरतो. तिथेच तर मजा आहे.

शेवटची_लोकल

मराठी सुपरहिरोला गच्चीवरून उडायला आधी सोसायटीची एनओसी लागेल. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला.

सदाफुली

आणि आई खालून ओरडणार, "स्वेटर घातलास का?"

पिंपळपान

'स्पायडरमॅन २' (२००४) मधल्या रेल्वेच्या प्रसंगाचा उल्लेख अजून कुणी केला नाही याचं आश्चर्य वाटतं, म्हणून मी करतो. तो जाळ्यांनी धावती गाडी थांबवतो, मुखवटा फाटलेला, बेशुद्ध पडतो. आतले प्रवासी त्याला डोक्यावरून हातोहात आत घेतात, अलगद खाली ठेवतात. एक जण म्हणतो, अरे हा तर पोरगा आहे, माझ्या मुलाएवढा. दोन लहान मुलं मुखवटा आणून देतात आणि म्हणतात, आम्ही कुणाला सांगणार नाही.

आपल्या लोकलमध्ये रोज उभ्याने जाणाऱ्या माणसाला तो प्रसंग न्यूयॉर्कचा वाटतच नाही. धागाकर्त्यांची माती-माती मला त्यामुळे पटत नाही. परकेपणा पात्रात नसतो, लिहिण्यात असतो. २०२५ च्या सुपरमॅनमध्ये सामान्य माणूस होता का? एक फलाफलवाला होता, मला तो सर्वात आवडला, आणि त्याला लवकर मारला.

तिसरी_घंटा

पिंपळपान काका, फलाफलवाल्याचा मुद्दा मान्य. मलाही त्याचं मरण लागलं, आणि ते लागलं कारण तो सुपरमॅनला खायला घालणारा माणूस होता.

पण माझं मत मी सोडत नाही. 'वंडर वूमन', रेल्वेचा प्रसंग ही सगळी उदाहरणं २०१७ किंवा त्याआधीची आहेत. मी विचारलं ते आजच्या प्रेक्षकाबद्दल. आज आपल्याकडे तिकीट काढताना माणूस विचार करतो, दोन महिन्यांत ओटीटीवर येईलच, कशाला जा? ओळखीचा देव किंवा ओळखीचा राजा असला तर तो सहकुटुंब जातो. परक्या सभ्य माणसासाठी जात नाही. सुपरमॅन त्याने घरी सोफ्यावर बघितला असेल आणि आवडलाही असेल. कदाचित.

नाना_न्यूजर्सीकर

म्हणजे आता तक्रार नायकाबद्दल नाही, तिकिटाबद्दल आहे. हे आधी म्हणाला असतात तर मी बेरीज-वजाबाकी केली नसती.

दीड_शहाणा

जाता जाता कामाची माहिती. अमेरिकेत १ जानेवारी २०३४ ला सुपरमॅनचा पहिला अंक स्वामित्वहक्कातून मुक्त होतोय. बॅटमॅन त्याच्या पुढच्या वर्षी. निर्माता शोधायला भरपूर वेळ आहे.

खिडकीतला_कावळा

सावकाश. मुक्त होणार तो फक्त १९३८ चा सुपरमॅन. नंतर जे जोडलं गेलं ते आपापल्या सालाने सुटेल. तोवर उडणं नाही, क्रिप्टोनाइट नाही. शिवाय ट्रेडमार्क वेगळे. तुम्हाला मिळणार तो लांब उड्या मारणारा, भ्रष्ट माणसांना तारांवरून पळवणारा.

म्हापशेकर_बाब

उडणं नाही? म्हणजे व्हीएफएक्सचा खर्च वाचला! मराठीला हाच पाहिजे.

शेवटची_लोकल

आणि दुसऱ्या भागात तो वस्ती पाडून नवी घरं बांधायला लावणारा घ्या. फक्त मुंबईत निम्म्याहून जास्त रहिवाशांची संमती गोळा करतानाच मध्यंतर होईल.